अ‍ॅपलाचियन ट्रेलवरील रसदीचा दिवस: वॉलनट माउंटन ते हॉट स्प्रिंग्ज (प्रकल्प नोंदी)

अमेरिकेत, जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधील कटाडिनपर्यंत जाणारी ही पायवाट सुमारे ३,५०० किमी लांबीची आहे. ती एका हंगामात सलग चालणाऱ्याला दर चार-पाच दिवसांनी एखाद्या गावात उतरून शिधा, गॅस आणि चार्जिंग यांची सोय करावीच लागते. दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला घरून भरलेली सॅक पुरते, त्यामुळे हे काम शिकण्याची वेळ माझ्यावर पूर्वी कधी आली नव्हती. पहिल्या तीन आठवड्यांत मोठमोठ्या चढांपेक्षा गावांनीच माझा वेळ आणि पैसा जास्त खाल्ला, हे ध्यानात आल्यावर मी गावात उतरण्याच्या दिवसाची नोंद तासातासाने ठेवू लागले. हॉट स्प्रिंग्जच्या दिवसाच्या नोंदी खाली देत आहे, कारण त्या दिवशी सर्वांत जास्त गोष्टी बिघडल्या आणि पुढच्या गावात त्यांतल्या बहुतेक दुरुस्त करता आल्या.

शुक्रवार, १२ एप्रिल, संध्याकाळी ७.३० : वॉलनट माउंटनचा निवारा

आज मॅक्स पॅच हा १,४११ मीटर उंचीचा गवताळ माथा ओलांडून येथे पोहोचले. माथ्यावर वारा इतका होता की दुपारचे खाणे तिथे न थांबता चालता चालताच उरकले. उद्याचा टप्पा हॉट स्प्रिंग्जपर्यंत २१ किमीचा आहे. त्यात सुरुवातीला ब्लफ माउंटनचा चढ आणि नंतर गावापर्यंत जवळजवळ सलग उतार आहे, कारण ब्लफ माउंटन १,४०० मीटरांच्या वर आणि गाव साधारण ४०० मीटरांवर आहे.

शिधा संपत आला आहे. ओट्सचे एक पाकीट, दोन बार आणि मूठभर शेंगदाणे एवढेच उरले आहेत. गॅसचा २३० ग्रॅमचा डबा पाण्यात तरंगवून पाहिला. डब्याच्या अंगावर छापलेल्या रेषांवरून आत सुमारे ८५ ग्रॅम गॅस असावा. अर्धा लिटर पाण्याला मला ८ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे दहा वेळा पाणी तापवण्याइतका साठा आहे.

उद्याचे ठरवलेले वेळापत्रक असे: सकाळी ६.३० ला निघायचे, १२.३० पर्यंत गाव गाठायचे, ४ वाजता गाव सोडायचे आणि अंधारापूर्वी आणखी साडेनऊ किमी चालून टॅनयार्ड गॅप या खिंडीजवळ मुक्काम करायचा. गावात राहायचे नाही, कारण तिथली एक रात्र म्हणजे सरळ एका दिवसाच्या शिध्याचे पैसे. खर्चाची मर्यादा ८० डॉलर.

शनिवार, १३ एप्रिल, सकाळी ६.१०

उठल्यावर प्रथम बाटलीकडे लक्ष गेले, कारण तिच्या तोंडाशी बर्फाची पातळ चकती धरली होती. पाठोपाठ फिल्टर आठवला. काल झऱ्यावर पाणी भरल्यानंतर तो ओलाच सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवला होता आणि थंडीच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचे, हा नियम मी नेमका काल विसरले. हातात घेऊन हलवला तर आत पाण्याची हालचाल जाणवेना. तोंड लावून फुंकर मारली तर हवा जाईना.

या फिल्टरमध्ये अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या पोकळ तंतूंचा जुडगा असतो. ओला फिल्टर गोठला की आतले पाणी प्रसरण पावते आणि तंतू फाटू शकतात. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, आणि वाटेत ते तपासण्याची कोणतीही भरवशाची पद्धत माझ्याजवळ नव्हती. वितळल्यानंतर त्यातून पाणी तर नक्कीच आले असते, पण ते गाळलेले होते की नुसतेच नळीतून वाहिलेले, हे सांगता आले नसते. म्हणून तो त्याच क्षणी बाद धरला.

क्लोरीनच्या गोळ्या सोबत नव्हत्या. वीस ग्रॅम वजन वाचवण्यासाठी मी त्या दोन आठवड्यांपूर्वीच काढून टाकल्या होत्या.

सकाळी ७.३५

पाणी उकळण्यात एक तास गेला. यात दोन चुका झाल्या आणि दोन्ही लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली चूक अशी की प्रत्येक भांडे मी पाच-पाच मिनिटे खळखळू दिले. २,००० मीटरांच्या खाली पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, हे मला ठाऊक होते. तरी फिल्टर गेल्याच्या धास्तीने हात आखडता घेता आला नाही. त्या जादा चार-चार मिनिटांत गॅस निव्वळ जळत राहिला. दोन लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम गॅस लागला आणि डब्यात जेमतेम ३५ ग्रॅम उरला.

दुसरी चूक घाईची होती. पाणी निवण्याची वाट न पाहता ते पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतले, आणि माझ्या डोळ्यांदेखत बाटली कमरेशी आवळल्यासारखी आत ओढली गेली, तळ फुगला आणि झाकणाचे आटे वाकडे झाले. ती आता सॅकमध्ये आडवी ठेवता येत नाही. उरलेले पाणी भांडे झऱ्याच्या पाण्यात बुडवून थंड केले आणि मगच दुसऱ्या बाटलीत भरले.

निवाऱ्यात आणखी तिघे झोपलेले होते आणि प्रत्येकाजवळ फिल्टर असणार होता. त्यांना उठवण्याचा संकोच वाटला. सव्वासातला त्यांपैकी एक गृहस्थ उठले, माझी खटपट पाहून त्यांनी न मागता स्वतःचा फिल्टर पुढे केला, आणि तोवर माझे दोन्ही लिटर उकळून झाले होते. त्यांना उठवून विचारले असते तर वेळ आणि गॅस दोन्ही वाचले असते.

सकाळी ११.२० : डिअर पार्क माउंटनच्या निवाऱ्याजवळ, १६ किमी

ब्लफ माउंटनचा चढ बरा गेला. उतार मात्र बोटांना बाधला. पाय दिवसभरात सुजतात, आणि सलग उतारावर प्रत्येक पावलाला बोटे बुटाच्या टोकावर आदळतात. उजव्या अंगठ्याचे नख आता दाबले की दुखते आणि त्याखाली काळसर डाग दिसतो आहे. उतार सुरू होण्यापूर्वी नखे कापायला हवी होती. नेलकटर सॅकच्या तळाशी होते आणि तासभर उशीर झालेला असल्यामुळे मी सॅक उघडली नाही.

येथे थांबून नखे कापली आणि नाड्या वेगळ्या बांधल्या: घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास काढून, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओढून गाठ घट्ट केली, म्हणजे टाच मागे बसते आणि पाय पुढे घसरत नाही. या सगळ्याला आठ मिनिटे लागली. फरक पहिल्या शंभर पावलांत कळला. हेच ब्लफ माउंटनच्या माथ्यावर केले असते तर नख वाचले असते.

सकाळपासून पोटात ओट्स आणि एक बार गेला आहे. दुसरा बार आता खाल्ला.

दुपारी १.४५ : हॉट स्प्रिंग्ज

उरलेल्या पाच किमींना बोटांमुळे दोन तासांहून अधिक वेळ लागला. पायवाट गावात शिरते तेव्हा वेगळी होत नाही. मुख्य रस्त्याचा पदपथ हीच पायवाट असते, आणि झाडांवर दिसणाऱ्या ५ बाय १५ सेंटीमीटरच्या पांढऱ्या खुणा इथे खांबांवर दिसू लागतात. गाव काही शे लोकांचे आहे, त्यामुळे लागणारे सर्व काही चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरात मिळते. अशा गावात वेळ जातो तो अंतरात जात नाही. तो कामांच्या क्रमात जातो, आणि तो क्रमच मी चुकवला.

दुपारी २.०० ते ४.०५

प्रथम कपडे धुण्याच्या ठिकाणी गेले. दोन्ही यंत्रे चालू होती आणि चाळीस मिनिटे थांबायला सांगण्यात आले. तो वेळ वाया जाऊ नये म्हणून मी शिध्याच्या खरेदीला गेले. कागदावर हा निर्णय शहाणपणाचा दिसतो, पण २१ किमी चालून, ओट्स आणि दोन बारांवर, मी भुकेल्या पोटी खाद्यपदार्थांच्या दुकानात उभी होते.

पुढचे गाव अर्विन, म्हणजे १११ किमी. आजचे रात्रीचे जेवण, रविवार ते बुधवार असे चार पूर्ण दिवस आणि गुरुवारची न्याहारी, एवढाच हिशेब होता. दिवसाला ८०० ग्रॅम धरले तर ३.७ किलो. यादी खिशात होती आणि ती मी काढलीही होती, पण यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट त्या वेळी आवश्यक वाटत होती. एकाऐवजी पीनट बटरच्या दोन बरण्या घेतल्या, टॉर्टियाची (पातळ पोळ्यांची) दोन पाकिटे, चीजचा मोठा तुकडा, आणि बिस्किटांचे तीन पुडे जे यादीत अजिबात नव्हते. बिल ६८ डॉलर झाले. वजन किती झाले ते मी दुकानात पाहिले नाही.

तिथून ट्रेकिंगच्या साहित्याच्या दुकानात. नवा फिल्टर ३८ डॉलर. गॅसचे १०० ग्रॅमचे डबे संपले होते, म्हणून २३० ग्रॅमचा घेतला, ११ डॉलर. चार दिवसांना मला ६५ ते ७० ग्रॅम गॅस पुरतो आणि ३५ ग्रॅम शिल्लक होता, म्हणजे मोठ्या डब्यातला बहुतेक गॅस मी निव्वळ वाहून नेणार होते. पण सकाळी पाणी उकळत बसण्याचा प्रसंग ताजा असल्यामुळे थोड्या गॅसवर निघण्याची हिंमत झाली नाही. नंतर कळले की गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणी, वाटसरू नको असलेले सामान ठेवून जातात त्या पेटीत, अर्धे भरलेले डबे नेहमी पडलेले असतात. मी ती पेटी उघडून पाहिली ती खरेदी झाल्यानंतर.

यंत्र मोकळे झाले तेव्हा तीन वाजून गेले होते. पावसाळी जॅकेट आणि पावसाळी पँट घालून बाकी सगळे धुवायला टाकले, ६ डॉलर.

दुपारी ४.१० : जेवण

जेवायला बसल्यावर प्लग दिसला आणि तेव्हा चार्जिंग आठवले.

दिवसातली सर्वांत महाग चूक हीच, कारण पैसे देऊन ती भरून काढता येत नाही. माझी पॉवर बँक १०,००० मिलिअँपिअर-तासांची आहे, म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. चार्जर जुना, एका तोंडाचा, ५ वॉटचा. रिकामी बँक त्यावर पूर्ण भरायला वाटेतली घट धरून नऊ तास लागतात. फोनही रिकामा होता आणि तोंड एकच, म्हणून आधी फोन लावावा लागला. गावात पाऊल टाकल्याबरोबर १.४५ ला चार्जर कुठेतरी लावला असता तर चार तास मिळाले असते. आता मिळाले दोन. निघताना फोन ९० टक्के आणि बँकेच्या चार दिव्यांपैकी एक लागलेला.

जेवण १९ डॉलरचे झाले. अर्धे ताट संपले तोच पिशव्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बिस्किटांचे तीन पुडे कशासाठी घेतले, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. परत करण्याचा विचार केला, पण दोन पुडे मी दुकानाबाहेरच फोडले होते.

सायंकाळी ५.१० ते ६.१५

बाकावर बसून शिधा पुन्हा बांधला. खोके आणि बाहेरची वेष्टने काढली, पीनट बटर एका बरणीत कोंबून बसवले आणि उरलेले तिथेच टॉर्टियाला लावून खाल्ले, बटाट्याची भुकटी आणि ओट्स झिपच्या पिशव्यांत भरले. ५.९ किलोचे ५.४ किलो झाले. म्हणजे त्या अर्ध्या किलोत, खाल्लेले सोडले तर, बाकी केवळ पुठ्ठा आणि प्लॅस्टिक होते.

दुकानाच्या ओसरीवर टांगलेल्या काट्यावर सॅक लावली: १५.७ किलो. त्यात शिधा, पाणी आणि गॅस वगळता बाकी सामान ७.८, शिधा ५.४, पाणी २, आणि दोन गॅसचे डबे मिळून अर्ध्या किलोहून थोडे जास्त. ठरवलेले वजन १३.५ होते. जुना डबा आणि किलोभर शिधा त्या पेटीत ठेवून निघावे असे मनात आले, पण मोजून दिलेले पैसे डोळ्यांसमोर होते आणि ते करवले नाही. हा निर्णय चुकीचा होता. पैसे दुकानातच गेलेले होते. पेटीत ठेवले असते तर निदान खांदे वाचले असते.

एकूण खर्च १४२ डॉलर. मर्यादेपेक्षा ६२ जास्त, आणि त्यांतले ३८ एका विसरलेल्या फिल्टरचे.

रात्री ८.५० : पंप गॅपजवळ

गाव संपताच पायवाट फ्रेंच ब्रॉड नदीचा पूल ओलांडते, थोडी नदीकाठाने जाते आणि मग लव्हर्स लीप या कड्याकडे खडी चढते. नवा भार घेऊन, भरल्या पोटी, हा चढ मी दर शंभर पावलांना थांबत चढले. आठच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा पंप गॅप अजून पुढे होते. टॅनयार्ड गॅपचा विचार सोडून दिला. गावातून जेमतेम पाच किमी झाले.

या भागात काळ्या अस्वलांचा वावर आहे, त्यामुळे शिधा झाडाला टांगल्याशिवाय झोपता येत नाही. बऱ्याच निवाऱ्यांजवळ त्यासाठी तारा आणि कप्प्या बसवलेल्या असतात. इथे फांदी शोधून, बारा मीटरची दोरी दगड बांधून फेकायची होती. हेडलॅम्पच्या उजेडात वरची फांदी नीट दिसत नव्हती. तीनदा दगड खोडावर आपटून परत आला, चौथ्यांदा दोरी चुकीच्या बेचक्यात अडकली आणि ती सोडवण्यात दहा मिनिटे गेली. शेवटी फांदी मिळाली, पण ५.४ किलोची पिशवी ओढताना ती इतकी वाकली की पिशवी डोक्याच्या उंचीवरच राहिली. जाड फांदी शोधून सगळे पुन्हा केले. हाताची कातडी दोरीने सोलली आहे. हेच काम मागच्या आठवड्यात, उजेडात आणि तीन किलोंसह, सहा मिनिटांत होत असे.

नवा फिल्टर स्वच्छ मोज्याच्या आत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घेतला आहे.

रविवार, १४ एप्रिल

स्प्रिंग माउंटनच्या निवाऱ्यापर्यंत खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. कमरेचा पट्टा आणखी आवळून वजन खांद्यांवरून कमरेवर आणले तेव्हा बरे वाटले. रात्री बटाट्याच्या भुकटीत किती पाणी घालायचे ते कळेना, कारण खोक्याबरोबर मापही फेकले होते, आणि जेवण पातळ सूप झाले. आता खोके फेकण्यापूर्वी माप पिशवीवर मार्करने लिहायचे.

गुरुवार, १८ एप्रिल : अर्विन

सकाळी सॅकमध्ये १.६ किलो शिधा उरला होता. म्हणजे साडेचार दिवसांत प्रत्यक्ष ३.८ किलो खाल्ला गेला, दिवसाला सव्वाआठशे ग्रॅम. मूळ हिशेब बरोबर होता. दुकानात उभे राहिल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, एवढेच चुकले. फोन मात्र मंगळवारीच बंद ठेवावा लागला होता, कारण बँक रिकामी झाली, आणि दोन दिवस मी कागदी नकाशावर चालले.

आज कामांचा क्रम बदलला आणि वेळा टिपल्या. सकाळी ९.४० ला गावात आले आणि पाचव्या मिनिटाला चार्जर लावला. हा १८ वॉटचा, दोन तोंडांचा नवा चार्जर २२ डॉलरला घेतला. मागच्या गावातील अनुभवानंतर हा खर्च मला पटला. मग कपडे यंत्रात टाकले. यंत्र चालू असतानाच पोटभर जेवले. खरेदीला गेले ते त्यानंतर, यादी हातात धरून. पुढचा थांबा सुमारे ८० किमीवर, साडेतीन दिवसांचा. हातातले १.६ किलो वजा करून फक्त १.५ किलो घेतले, बिल १९ डॉलर. काही खरेदी करण्यापूर्वी सामानाची पेटी पाहिली आणि त्यात ओट्सची दोन पाकिटे मिळाली, म्हणून यादीतले ओट्स खोडले. क्लोरीनच्या गोळ्या घेतल्या, आणि त्या आता प्रथमोपचाराच्या पिशवीत राहतील.

१.१५ पर्यंत बँकेचे तीन दिवे लागले होते आणि फोन पूर्ण भरला होता. जुना गॅसचा डबा वाटेत संपवला, त्यामुळे सोबत एकच डबा. सॅक काट्यावर १३ किलो २०० ग्रॅम. पायवाटेच्या तोंडाशी परत येऊन दुपारी दोनला नोलिचकी नदी मागे टाकली.